रात्री सव्वादोनचा पाण्याचा पेला

डॉक्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. निवासी डॉक्टर आहात, कुणी वरिष्ठांनी वाचून चिडवायला नको.

तीन आठवडे मी उशाशी टॉवेल घेऊन बसूनच झोपत होते. आडवं झालं की घशाशी यायचं, खोकल्यानं सगळं घर जागं. आधीच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, ग्लुकोजची बाटली लावली आणि निघताना 'तोंडावर जरा ताबा ठेवा' असंही ऐकवलं. ताबा! मला लाळसुद्धा गिळता येत नव्हती. दुसरीकडे पोटातल्या बँडचं, म्हणजे वजन कमी करायला जठराभोवती बसवलेल्या पट्ट्याचं, नाव काढताच उत्तर आलं, 'जिथे बसवलाय तिथेच जा.' बसवला 2010 साली, मुंबईत. ते डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले. तेव्हा बँडची चलती होती. आता जो तो स्लीव्ह करतो, म्हणजे जठरच कापून लहान करतो, आणि आम्ही बँडवाले म्हणजे पार्ट न मिळणारी जुनी गाडी.

तुम्ही वजन विचारलंच नाही. 'काकू, पाणी तरी उतरतंय का?' हा पहिला प्रश्न. मग पोट चाचपून कातडीखालचं पोर्ट शोधलंत, म्हणजे सलाईन भरून बँड आवळायची आणि काढून सैल करायची ती छोटी डबी. साध्या सुईनं ते गळायला लागतं, म्हणून किमोच्या वॉर्डातून खास सुई मागवलीत. बँडमधलं सलाईन सिरिंजमध्ये आलं, तेव्हा मी बघत होते. चार मिलीसुद्धा नव्हतं. एवढ्याशा पाण्यानं मला उपाशी ठेवलं होतं!

बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज मागून, हे सिस्टरना तुम्ही दोनदा बजावलंत. इतक्या उलट्यांनंतर बी-वन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर बेतू शकतं, हे मला तेव्हा कळलं. ती आधीची बाटली आठवून अंगावर काटा आला.

पण हे पत्र पुढच्यासाठी आहे. स्टीलचा पेला भरून आणलात, स्टूल ओढून बसलात. 'घोट घोट घ्या, मी आहे इथेच.' तुमचा फोन दोनदा वाजला. अर्ध्यावर मी भीतीनं थांबले, तरी तुम्ही घाई केली नाहीत, घड्याळाकडेही पाहिलं नाहीत. पेला संपला. काही वर आलं नाही. मी रडायला लागले, तर म्हणालात, 'अजून अर्धा देऊ?'

जाड बाईचं दुखणं म्हणजे तिचीच चूक, असं न मानणारी माणसं फार थोडी हो. आमच्या गल्लीतला शिंपी एक, माप घेताना तोंड वाकडं करत नाही. दुसरे तुम्ही.

बँड सरकलाय, तो काढायचा का हे पुढच्या महिन्यात ठरेल. वजन दोन किलो वाढलंय. काल मऊ भात आणि मेतकूट खाल्लं. तूप जरा जास्त घेतलं, तेवढं रागावू नका.

तुमची,
खिडकीजवळच्या कॉटवरची काकू