डावीकडचा टक् आवाज

येळ्ळूर
रविवार, संध्याकाळ

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू मला दोनदा म्हणालीस, "बाबा, हम्पवरनं जाताना मागं डावीकडं टक् करून वाजतंय." मी म्हटलं, डिकीत जॅक सुटा पडला असेल. उठून डिकी उघडूनसुद्धा बघितली नाही. आज दिवसभर गाडीखाली होतो. आंघोळ केली, चहा घेतला आणि आधी तुला लिहायला बसलो. तुझं बरोबर होतं. मागच्या दोन्ही स्प्रिंगा तुटल्या होत्या.

मला कळलं ते पण आवाजावरनं नाही. मागच्या गुरुवारी खानापूरला लग्नाला गेलो होतो. रात्री परत येताना समोरून येणारा प्रत्येक जण लाइट मारत होता. मी डिपरवरच होतो, तरी मारत होते. एक उसाचा ट्रॅक्टरवाला तर थांबून काहीतरी ओरडून गेला. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. गाडीची मागची बाजू बसली की नाक वर होतं आणि लाइट सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सकाळी अंगणातल्या फरशीवर गाडी उभी करून टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये बोटं घालून बघितली. उजवीकडं तीन बोटं कशीबशी, डावीकडं दोन. पूर्वी चार जायची. मग बॅटरी घेऊन खाली वाकलो.

स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा रबराच्या वाटीत बसतो. ती वाटी म्हणजे चिखल साठायची जागा. आपली गाडी दर पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करून गोव्यात साखळीला मामाकडं जाते. तो तांबडा चिखल एकदा तिथं शिरला की दिवाळीपर्यंत ओला राहतो. खडी लागून रंगाचा टवका उडाला की पुढचं काम गंज करतो. आता हे नीट वाच. स्प्रिंग दबते तेव्हा तिची तार पिळली जाते, आणि त्या पिळाचा जास्तीत जास्त ताण तारेच्या पोटात नाही, वरच्या कातडीवर असतो. म्हणून कातडीवर मोहरीएवढा खड्डा पडला तरी चीर तिथनं सुरू होते. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक हम्पला ती थोडी पुढं सरकते.

काढल्यावर दोन्ही तुकडे मी खिडकीत उजेडाला धरले. डावीकडचं तुटलेलं तोंड सगळंच्या सगळं तपकिरी, गंजून खरखरीत झालेलं. उजवीकडचं अर्धं तपकिरी, चंद्रकोरीसारखं, आणि उरलेलं अर्धं राखाडी, साखरेच्या दाण्यासारखं चमकणारं. म्हणजे उजवी चिरलेली होती पुष्कळ दिवस, पण तुटली आता आता. डावी मात्र कधीच तुटली होती. तू सांगितलंस तेव्हा ती तुटलेलीच होती. खाली पडलेला वेढ्याचा तुकडा वाटीत चिखलात रुतून बसला होता आणि वरची स्प्रिंग त्याच्यावर आपटत होती. तोच तुझा टक्.

आणि त्यानंतर डिसेंबरात तू आईला घेऊन चोर्ल्यावरनं साखळीला जाऊन आलीस. चार माणसं, डिकीत मामानं दिलेले नारळ. एखाद्या वळणावर स्प्रिंग वाटीतनं सरकली असती तर मागची बाजू कशी वागली असती, हा विचार शुक्रवारी रात्री डोक्यातनं जाईना. उद्यमबागेतल्या कारखान्यात ३१ वर्षं मशीनवर काढली मी. मशीन वेगळं वाजलं की हातातलं टाकून बंद करायचं, हे पोरांना मीच शिकवत होतो. घरात तू तेच सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

काम घरी केलं ते पैशासाठी नाही. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आपल्या स्विफ्टला मागं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा आहे, म्हणून हे घरी जमतं. पुढं दोन्ही एकातच आहेत, तिथं स्प्रिंग दाबून कोंडलेली असते. वरचा नट सोडला तर ती तोफेसारखी सुटते. पुढच्याला कधी हात लावायचा नाही, तू पण नाही, मी पण नाही. ते योग्य साधन असलेल्या गॅरेजमध्येच.

शनिवारी बेळगावात जाऊन स्प्रिंगा आणल्या. चासी नंबर सांगून पार्ट नंबर काढून घेतला, नुसतं "स्विफ्टची द्या" म्हटलं नाही. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत, घासाघीस मराठीत, आपल्याकडं असतं तसं. जोडीच घ्यायची. एक नवी आणि एक जुनी घातली तर गाडी एका अंगावर झुकते आणि ब्रेक मारताना ओढते. वरच्या-खालच्या रबरी वाट्याही नव्या घेतल्या. घरी येऊन शॉकअपच्या खालच्या बोल्टांना गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं.

आता मुख्य सांगतो. आपल्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना आहे. मागची बाजू उचलली की त्याचा काही उपयोग नाही, गाडी पुढं किंवा मागं गेली तर अडवणारं कोणी नाही. म्हणून पहिला गिअर घातला आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धे ढिले केले. मग उचलली आणि खाली स्टँड दिले, कारखान्यातल्या मित्राकडनं आणलेले. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. स्टँड दिल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघितलं, मग खाली गेलो. काढलेली चाकंही आडवी करून कडेखाली सरकवली. आई सगळा वेळ पायरीवर बसून होती. "मी इथनं उठणार नाही" म्हणाली आणि उठली नाही, पोळ्यासुद्धा दुपारी तीनला झाल्या.

शॉकअपचा उजवा बोल्ट गोटी पान्यानं लगेच सुटला. डावा सुटेना. नट निघाला, पण बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला. पान्याला पाइप लावून जोर केला, तेल मारलं, परत केला. मला राग यायला लागला होता आणि हातोडा मोठा घ्यावा असं वाटत होतं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले बैलहोंगलचे मेस्त्री आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "गडबड माडब्याडरी," म्हणजे घाई करू नका. ते कन्नडमध्ये सांगत होते, मी मराठीत उत्तर देत होतो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे नट दोन आटे परत चढवला, म्हणजे आटे चेपत नाहीत, आणि बोल्ट आधी घट्ट करायच्या दिशेला जरासा फिरवला, मग उलटा. परत इकडं, परत तिकडं. तासभर. शेवटी कुईं करून हलला. तो आवाज मला अजून ऐकू येतोय.

बोल्ट काढण्याआधी धुऱ्याखाली दोन्ही बाजूंना जॅक लावून ठेवले होते, नाहीतर सगळं धाडकन खाली येतं. मग दोन्ही जॅक थोडे थोडे उतरवत गेलो आणि एक नजर ब्रेकच्या रबरी नळीवर ठेवली. ती ताणली जाता कामा नये. तेवढ्यात स्प्रिंग आपोआप मोकळी झाली, हातानं उचलून काढली. डावी वाटी खरवडली तर पसाभर तांबडी माती निघाली. कणकुंबीची माती माझ्या अंगणात.

नवी स्प्रिंग घालताना तारेचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. मी बोटानं चाचपून बघितलं, मग बॅटरीनं परत बघितलं. डावीकडं अर्धं बोट लांब राहिलं होतं, म्हणून परत उतरवून फिरवून बसवली.

एक गोष्ट गॅरेजमध्ये घाईत बरेचदा चुकते. शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी हवेत असताना कचकचून आवळायचा नाही. आत रबराची बुश असते. चाक लोंबकळताना आवळली तर गाडी खाली आल्यावर ती बुश कायमची पिळलेली राहते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट हातानं लावले, चाकं चढवली, गाडी जमिनीवर घेतली, चार पावलं मागंपुढं ढकलली आणि मग खाली झोपून टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्यानं, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळले. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर.

नंतर मेस्त्रींना शेजारी बसवून राजहंसगडापर्यंत जाऊन आलो. वाटेतल्या प्रत्येक हम्पवर काच खाली करून कान देत होतो. काही नाही. परत आल्यावर बोटं घातली, दोन्हीकडं चार. अंधार पडल्यावर भिंतीवर लाइट टाकून बघितला, तोही खाली आलाय.

संक्रांतीनंतर गाडी तू पुण्याला नेणार आहेस. त्याआधी १०० किलोमीटर मी चालवतो आणि सगळे नट परत तपासतो, ते माझ्याकडं. तुझ्याकडं एवढंच, पावसाळ्यात घाटातनं आलीस की खालून पाण्याचा फवारा मारून त्या वाट्या धुवायच्या, वरनं बॉडी नाही धुतली तरी चालेल. आणि काहीही वाजलं तर मला लगेच फोन कर. रात्री असला तरी कर.

जुन्या स्प्रिंगा भंगारात दिलेल्या नाहीत. पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात, तू आलीस की दाखवतो. ती चंद्रकोर तू स्वतः बघावीस असं मला फार वाटतंय. आई तीळ भाजतेय, तिचाही आशीर्वाद.

तुझे,
बाबा

ता. क. डिकीतला जॅक आज काढून बघितला. पट्ट्यात घट्ट बसलेला होता.