शिपायाला निलंबन, आमदाराला काय?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. पत्र जरा लांबलंय, कापाकापी करा पण शिपायाची गोष्ट ठेवा एवढीच विनंती.

मी मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यातली बरीच वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे कोणाला मेमो द्यायचा, कोणाची विभागीय चौकशी लावायची त्या सगळ्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. आमच्याकडे एक शिपाई होता, गरीब माणूस, चाळीत पाण्यावरून भांडण झालं, हाणामारी झाली, पोलिसांनी उचलला आणि जामीन व्हायला चौथा दिवस उजाडला. झालं! सरकारी नोकर 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झालाच असं धरतात, 1979 च्या शिस्त व अपील नियमांत तसं लिहिलंय, साहेबाची इच्छा असो वा नसो. ऑर्डर मीच टाइप केली. मग निर्वाह भत्ता म्हणून साधारण अर्धा पगार, तोही दर महिन्याला 'मी दुसरीकडे कुठे काम करत नाही' असं लिहून दिल्यावर, आणि परवानगीशिवाय मुख्यालय, म्हणजे नोकरीचं ठिकाण, सोडायचं नाही. त्याची बायको पहिल्या महिन्याचा भत्ता कधी निघेल ते विचारायला आली होती, बसायला सांगितलं तरी बसली नाही, पिशवी छातीशी धरून उभीच, म्हणाली, "भाऊ, अजून केसचा निकाल पण नाय लागला ना?" मी काय बोलणार, नियम तो नियम.

आता दुसरीकडे बघा. 23 फेब्रुवारी 2022 ला तेव्हाचे राज्यातले मंत्री नवाब मलिक यांना ईडीने अटक केली, पुढे त्यांची खाती काढून दुसऱ्यांना दिली पण मंत्रिपद सरकार पडेपर्यंत तसंच राहिलं, बिनखात्याचे मंत्री आणि मुक्काम कोठडीत. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हा माझा विषयच नाही, शिपायाचे तरी कुठे सिद्ध झाले होते? आणि हे एका पक्षाचं नाही हो, उद्या दुसऱ्याचं सरकार असेल तर तेही हेच करतील.

कायदा काय म्हणतो तर दोन वर्षं किंवा त्यावर शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी जाते. तेसुद्धा 2013 च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने लिली थॉमस केसमध्ये निकाल दिला म्हणून, नाहीतर आधी तीन महिन्यांत अपील टाकलं की खुर्ची शाबूत. पण शिक्षा होणार कधी? नागपूर जिल्हा बँकेच्या रोखे घोटाळ्याचं प्रकरण 2002 चं, निकाल 22 डिसेंबर 2023 चा, बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी लगेच गेली हे खरं, पण मधल्या 21 वर्षांत ते निवडूनही आले आणि मंत्रीही होऊन गेले. आमच्या शिपायाला 48 तास आणि इथे 21 वर्षं. मधल्या काळासाठी काहीच नाही. मेमो नाही, कारणे दाखवा नाही, गोपनीय अहवालात शेरा नाही!

बरं, मनात आणलं तर जमतं. 2005 च्या डिसेंबरात प्रश्न विचारायला पैसे घेताना खासदार कॅमेऱ्यात सापडले, दोन आठवड्यांच्या आत संसदेने 11 जणांना घरी पाठवलं, कोर्टाच्या शिक्षेची वाट बघितली नाही. आपल्या विधानसभेने 2021 मध्ये 12 आमदार एक वर्षासाठी निलंबित केले तर सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, म्हणाले अधिवेशनापुरतंच करता येईल. ते बरोबरच होतं म्हणा, बहुमतवाले उद्या सगळ्या विरोधकांनाच बाहेर काढतील. पण मग त्याच्या अधलंमधलं काही नको का?

सगळ्यात गंमत वाटली ती 2025 च्या जुलैत. आकाशवाणी आमदार निवासात डाळीला वास येतो म्हणून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड टॉवेल-बनियनवर खाली आले आणि कॅन्टीनवाल्याला ठोसे लगावले, अख्ख्या महाराष्ट्राने व्हिडिओ पाहिला. लगेच कारवाई झाली ती कोणावर? कॅन्टीनवर! एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, लायसन्स सस्पेंड केलं. आमदारांवर नंतर गुन्हा नोंदवला तो अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत असा. डाळ खराब असेल तर कॅन्टीनवर कारवाई व्हायलाच पाहिजे, पण डाळीचा निकाल दुसऱ्या दिवशी आणि ठोशाचा? त्याच महिन्यात विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे कार्यकर्ते भिडले तर अधिवेशनात व्हिजिटर्सनाच बंदी. म्हणजे गावाकडून कोणी अर्ज घेऊन आला असेल तर तो गेटवरूनच परत.

आता तुमच्या पेपराबद्दल थोडं, राग मानू नका. ज्याच्यावर केसेस आहेत त्यालाच तिकीट का दिलं, दुसरा स्वच्छ माणूस का मिळाला नाही, याची कारणं पक्षाने पेपरात छापायची असा सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी 2020 चा आदेश आहे, आणि 'निवडून येईल' हे एवढंच कारण चालत नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून 2021 मध्ये पक्षांना दंडही झाले, राष्ट्रवादी आणि माकपला तर पाच-पाच लाख. या जाहिराती तुमच्याकडेही येतात, आतल्या पानावर, टेंडर नोटीस आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी. मी भिंग घेऊन वाचतो, रिकामटेकडा माणूस, आणि कारणं बघाल तर तीच तीच, समाजकार्य, लोकप्रियता, केस राजकीय सूडातून. कात्रणं काढून ठेवलीत मी, पिवळी पडायला लागलीत.

तर जाहिरातीचे पैसे घ्या पण ती निवडून आलेल्यांची कारणं दर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी एकदा बातमी म्हणून पहिल्या पानावर छापा, आमदाराचं नाव, केस कुठवर आली आणि पक्षाने तेव्हा काय लिहून दिलं होतं ते. आणि टाइप जरा मोठा ठेवा, माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, लालबाग