रस्ता वर आला, तारा खांद्याला लागल्या

महोदय,

कोंढवा बुद्रुकला आमच्या सोसायटीमागे एका गोदामाची सहा फुटी भिंत आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्यावर विजेचं कुंपण बसवलं, तेव्हा सगळ्यात खालची तारसुद्धा डोक्याच्या वर होती. मग रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं. रस्ता दीड फूट वर आला, भिंत होती तिथेच राहिली. आज ती तार माझ्या खांद्याला लागेल अशी आहे.

गेल्या जुलैत रस्त्यावर पाणी साचलं होतं, म्हणून शेजारचा शाळकरी मुलगा भिंतीच्या कडेकडेने येत होता. त्याच्या छत्रीची लोखंडी काडी तारेला टेकली. पोरगं झटक्याने थेट रस्त्यावर फेकलं गेलं. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं.

मी पस्तीस वर्षं वायरमन होतो. चांगल्या झटका मशीनमधून तारेत सलग करंट जात नाही. सेकंदाला एक ठोका, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका छोटा. व्होल्टेज हजारांत असलं तरी माणूस तारेपासून सुटतो. पण कुणी पैसे वाचवायला 230 व्होल्टची फेज थेट तारेत सोडली, तर हात आवळला जातो आणि सुटत नाही. रानडुकरांसाठी शेताला असा करंट लावल्याने माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याच पानांवर येतात. भिंतीवरच्या तारेत यातलं काय आहे, हे रस्त्याने जाणाऱ्याला कसं कळणार?

आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा कुंपणावर दर 10 मीटरला पिवळी पाटी हवी. ही भिंत साठेक मीटर लांब आहे. पाटी एकच, तीही इंग्रजीत, उन्हाने विटलेली.

मी लेखी अर्ज घेऊन दोन कार्यालयांत गेलो. एका ठिकाणी म्हणाले, वीज हा आमचा विषय नाही. दुसरीकडे ऐकलं, मीटरच्या पुढचं सगळं मालकाचं.

गोदामांत चोऱ्या होतात, मालकाने बंदोबस्त करू नये असं मी म्हणत नाही. पण जाहिरातीची पाटी लावायला महापालिकेचा परवाना लागतो, तर रस्त्यालगतच्या करंटच्या तारांनाही लागला पाहिजे. परवाना देताना तारांची उंची नकाशावरून धरू नये, आज रस्ता जिथे आहे तिथून टेप लावून मोजावी आणि रस्त्याची उंची वाढली की पुन्हा मोजावी. मशीन, अर्थिंग आणि इन्सुलेटर परवानाधारक ठेकेदाराने दर पावसाळ्याआधी तपासून लेखी दाखला द्यावा. आमच्याकडे बोगनवेलीची ओली फांदी तारेला टेकली की रात्रभर टकटक ठिणग्या उडतात, त्या मी खिडकीतून पाहतो. पाट्या मराठीत असाव्यात आणि त्यांवर मालकाचा फोन नंबर हवा.

नियम व्हायला वेळ लागेल, हे मला कळतं. पण जूनमध्ये शाळा सुरू होतील आणि मुलं पुन्हा याच भिंतीच्या कडेने जातील. त्याआधी संबंधितांनी निदान खालच्या दोन तारा उतरवून घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त वायरमन, कोंढवा बुद्रुक, पुणे