पायथन घ्यायचं की जावा?

बडोदे

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या काकूंबरोबर लिलो चिवडो पाठवलाय. लगेच संपव, तो टिकत नाही.

नवं काम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत करायचं की जावा या दुसऱ्या भाषेत, यावरून तुमच्यात दोन तट पडलेत आणि निर्णय तुझ्या गळ्यात आलाय, असं म्हणालीस. फोनवर बाबा मध्ये मध्ये बोलत होते, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी सगळी नोकरी कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत गेली. तिच्या डेटा डिव्हिजन या भागात प्रत्येक रकाना आधी जाहीर करायचा, आकडा की अक्षरं, किती जागांचा. जावातही प्रकार असा आधी सांगावा लागतो, म्हणून मी जावाचीच बाजू घेणार, असं तुला वाटलं असेल. पण दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळाचा वर्गणीचा हिशेब मी पायथनमध्येच लिहिलाय. लिहिणारी मी, वापरणारी मी. तिथे टाइपची, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर हे आधी सांगण्याची, लुडबूड हवी कशाला?

तुम्ही चाळीस जण, त्यात माणसं येणार-जाणार. एक करून बघ. फॉर्ममधून आलेला कुपनाचा दर '१५०' हा मजकूर आहे आणि कुपनं ३. गुणाकार केलास की पायथन कुरकुर न करता १५०१५०१५० देतो! बेरीज केली असतीस तर निदान टाइपएरर आला असता. ही चूक ती ओळ चालेल तेव्हाच दिसणार, आणि ओळ महिनाअखेरीची असेल तर महिनाअखेरीला. टेस्ट आहेत म्हणशील, पण टेस्ट ज्या वाटेने जाते तेवढंच बघते. खरा जाच फंक्शन बदलताना होतो. पॅरामीटरचा, म्हणजे फंक्शनला देतो त्या माहितीचा, प्रकार बदललास की कुठे कुठे बिघडलं याची यादी जावाचा कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम, हातात ठेवतो. नुसत्या पायथनमध्ये शोधाशोध, नाहीतर ज्याने लिहिलं त्याला फोन. तो बहुतेक नोकरी सोडून गेलेला असतो.

२०१५ साली पायथन ३.५ मध्ये टाइप हिंट्स, म्हणजे कोडमध्येच प्रकार लिहून ठेवायची सोय, आल्या, पण चालताना पायथन त्या तपासत नाही. त्यासाठी मायपायसारखं साधन वेगळं चालवावं लागतं. ड्रॉपबॉक्स कंपनीने आपल्या कोडच्या ४० लाख ओळी मायपायखाली आणल्या खऱ्या, पण त्यात वर्षं गेली, आणि पायथनचा कर्ता गिडो व्हॅन रॉसम तेव्हा त्यांच्याकडेच नोकरीला होता. तुमच्याकडे कोण आहे? म्हणून जे करायचं ते पहिल्या दिवसापासून. आणि दिसेल तिथे 'एनी', म्हणजे 'कुठलाही प्रकार चालेल', असं लिहून सुटका करून घेणाऱ्यांवर लक्ष ठेव, असे दोन-तीन जण प्रत्येक टीममध्ये असतात.

टाइप म्हणजे रामबाण नव्हे, हेही त्या जावावाल्यांना सांग. जीएसटीचा दर चुकीचा टाकला तरी तो आकडाच असतो, कंपायलर खुशाल पुढे जाऊ देतो.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरला आधी एवढंच विचार: मायपाय कडक मोडमध्ये, आणि तपासणीत नापास झालेला कोड मुख्य कोडमध्ये मर्ज होणार नाही, हे लेखी देणार का? दिलं तर पायथन घे, तुमच्यातल्या बहुतेकांना तोच नीट येतो. "डेडलाइनच्या वेळी बघू" असं उत्तर आलं तर मुकाट्याने जावा.

तुझी,
आई