हॅमॉकचा पट्टा कधी टाकून द्यायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की पवना, भंडारदरा इथल्या जलाशयांच्या काठी आणि कोकणातल्या सुरूच्या बनांत मुक्कामाला येणाऱ्यांची गर्दी सुरू होते. तंबूच्या जोडीला हल्ली हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये पट्ट्यांनी टांगायची कापडी झोळी, असतोच. विकत घेताना लोक त्याचे कापड चाचपून बघतात, पण ज्या दोन पट्ट्यांवर माणसाचा सगळा भार येतो ते कुणी पिशवीतून बाहेरही काढत नाही. म्हणून हे पत्र.

पाकिटावर '२०० किलो' असे ठळक छापलेले असते. हा आकडा कापडाचा की पट्ट्याचा, पट्टा तुटण्याचा की रोजच्या वापराचा, हे बहुतेक वेळा लिहिलेले नसते. शिवाय पट्टा किती तिरका बांधला यावर त्याच्यावरचा ताण ठरतो. ८० किलोचा माणूस झोपल्यावर पट्ट्याचा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन होत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण ८० किलोचाच ताण येतो. तोच कोन १५ अंशांवर आला की ताण १५५ किलो होतो, १० अंशांवर २३० आणि ५ अंशांवर ४६० च्या आसपास. हा नुसता स्वस्थ झोपलेल्या माणसाचा हिशेब झाला. धपकन बसले किंवा मुलांनी झोके घेतले की तो आणखी वाढतो. ताठ बांधला तर कंबर वाकणार नाही, या समजुतीने लोक तो ओढून ओढून बांधतात आणि पट्टा, शिवण, झाड तिन्हींवर ताण घालतात. खरे तर हॅमॉक सैल ठेवून त्यात थोडे तिरके झोपले की पाठ सपाट राहते. कोन मापायला यंत्र लागत नाही. माणूस झोपलेला असताना झाडापासून एक मीटर पुढे पट्टा सुमारे ५८ सें.मी. खाली उतरलेला हवा.

पट्टा पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉन मजबूत असते, पण पाणी शोषते आणि ओले झाल्यावर ताणते. रात्री दव पडले की पहाटे पाठ जमिनीला टेकते ती यामुळेच. सगळ्यात फसवा पट्टा पॉलिप्रॉपिलीनचा. तो हलका, स्वस्त आणि रंगाने चकचकीत असतो, पण उन्हापुढे लवकर हार खातो. ओळखायची खूण सोपी आहे. पट्ट्याच्या मोकळ्या टोकाचा बोटभर तुकडा कापून साबणाच्या पाण्यात नीट चुरगळावा, म्हणजे विणीतली हवा निघून जाते. तरीही तुकडा तरंगला तर ते पॉलिप्रॉपिलीन. पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतात.

पट्टा सहसा मधोमध तुटत नाही. तो आधी झिजतो ते टोकाच्या फासात. झाडाभोवती फिरवून पट्टा स्वतःच्याच फासातून ओवला की हॅमॉक हलेल तसा पट्टा पट्ट्यावर घासत राहतो. सालीची धूळ आणि वाळू विणीत शिरली की ती आतून कानशीसारखी काम करते. समुद्रकाठी त्यात मिठाचे कण येतात. म्हणून कोकणातून परतल्यावर पट्टे गोड्या पाण्यात बुडवून खळबळावेत, साध्या साबणाने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. ब्लीच अजिबात नको, आणि गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवणेही नको.

हंगामाआधी पट्टा भर उजेडात दोन बोटांत धरून उलटा दुमडावा आणि टोकापासून टोकापर्यंत असाच सरकवत बघावा. नुसती बारीक लव आली असेल तर चालेल. पण काठाला एक जरी काप असेल, उभे धागे तुटलेले दिसत असतील, शिवणीचा एक टाका उसवलेला असेल, तर तो पट्टा वापरातून काढावा. चकाकणारा कडक डाग म्हणजे तिथे धागा वितळला आहे. शेकोटीची ठिणगी हे त्याचे नेहमीचे कारण. उन्हाचा परिणाम बघायचा असेल तर फासाची घडी उघडून आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून पाहावा. बराच फरक असेल आणि पट्टा ताठर लागत असेल, तर डोळ्यांना धडधाकट दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. तुटका पट्टा गाठ मारून जोडणे तर सर्वांत वाईट, कारण गाठीपाशी ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. एकाच ओळीत अनेक फास शिवलेला पट्टा असेल तर दर वेळी तोच फास वापरू नये. सोबत मिळणारे लोखंडी आकडे गंजले किंवा त्यांची धार बोटाला लागली की बदलावेत. ती धारच पट्टा कापते.

रुंदी किमान २५ मि.मी. हवी, मऊ सालीच्या झाडाला ५० मि.मी. बरी. सहा मि.मी.ची दोरी तोच भार २५ मि.मी.च्या पट्ट्यापेक्षा चौपट दाबाने सालीत रुतवते आणि सालीखालचा जिवंत थर चिरडते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तिथे मध्ये गोणपाटाचा तुकडा घालावा. पांगारा, सावर यांच्या काट्यांच्या वाटेला जाऊच नये. वाळलेल्या झाडाला काहीही बांधू नये. बैठक जमिनीपासून ४५ सें.मी.पेक्षा उंच नसावी आणि खाली दगड नसावा, कारण पट्टा तुटला की माणूस पाठीवर आणि डोक्यावर पडतो.

आता दोन मागण्या. क्रेनने माल उचलायच्या पट्ट्याला युरोपीय मानकानुसार लेबल असते. निळे लेबल पॉलिएस्टरचे, हिरवे नायलॉनचे, तपकिरी पॉलिप्रॉपिलीनचे. भार मात्र खुद्द पट्ट्याच्या रंगावरून कळतो: जांभळा पट्टा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा. तो तुटण्याचा भार या लिहिलेल्या भाराच्या किमान सात पट असतो. पेट्या उचलणाऱ्या पट्ट्याबद्दल एवढी माहिती मिळते, तर ज्यावर माणूस झोपतो त्या पट्ट्यावर धागा कोणता, सुरक्षित भार किती आणि तो कोणत्या कोनाला, एवढे तरी उत्पादकांनी छापावे.

दुसरी मागणी मुक्कामाची ठिकाणे चालवणाऱ्यांकडे. तिथले हॅमॉक महिनोन्महिने उन्हात टांगलेले असतात आणि दर शनिवारी त्यात वेगळे कुटुंब बसते. गिर्यारोहणाच्या स्लिंगला, म्हणजे शिवलेल्या पट्ट्याच्या फासाला, बहुतेक उत्पादक न वापरताही दहा वर्षांची मर्यादा घालतात. रोज उन्हात राहणाऱ्या पट्ट्याला आमच्या मते एक हंगाम पुरे. पाहुणे गेले की हॅमॉक उतरवून ठेवावेत, आणि पट्टा वापरात आणल्याची तारीख त्याच्या मोकळ्या टोकावर मार्करने लिहावी. भार येणाऱ्या भागावर शाई लावू नये. पाहुण्यांनीही बसण्याआधी ती तारीख विचारावी.

— सह्याद्रीत मुक्कामाच्या मोहिमा आखणारे काही कार्यकर्ते, पुणे