मेनफ्रेमवाल्या मॅडमना, जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

असं जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण निवृत्त झाल्यावरही तुम्ही फोनवर जे समजावून सांगितलंत, ते झेड/व्हीएम, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालवणारी सिस्टीम, सांभाळणाऱ्या नव्या मुलांपर्यंत पोचायला हवं.

सिस्टीम आयपीएल झाली, म्हणजे बूट झाली, की सीपी (झेड/व्हीएमचा गाभा) ऑटोलॉग१ हे व्हर्च्युअल मशीन आपोआप उठवतं आणि त्याची प्रोफाइल एक्झेक ही सुरुवातीची स्क्रिप्ट बाकीची मशीन्स एकामागून एक चालू करते. आमच्याकडे त्या फाइलीत 'ऑटोलॉग' कमांडपुढे प्रत्येक मशीनचा पासवर्ड उघडाच लिहिलेला होता, कुठल्या जमान्यातला देव जाणे. ती फाइल असलेली १९१ क्रमांकाची डिस्क ज्याला वाचता येते, त्याला सगळेच पासवर्ड मिळाले! पासवर्ड बदलू आणि डिस्कवर बंधन घालू, एवढाच माझा बेत होता. तुम्ही विचारलंत, "पण या मशीनला पासवर्ड हवाच कशाला? टर्मिनलवर बसून त्यात कोण लॉगऑन करणार आहे?"

खरंच, कोणीच नाही. मग युजर डिरेक्टरीत, म्हणजे प्रत्येक मशीनची नोंद असते त्या यादीत, पासवर्डच्या जागी 'ऑटोओन्ली' टाकलं. आता त्या मशीन्समध्ये टर्मिनलवरून लॉगऑन होत नाही, ती फक्त कमांडनेच सुरू करता येतात, आणि चोरायला पासवर्डच उरला नाही. ज्यांच्यात अधूनमधून माणसाला शिरावं लागतं, त्यांना तुम्ही 'एलबीवायओन्ली' आणि सोबत 'लॉगऑनबाय' सुचवलंत. माणूस स्वतःच्याच पासवर्डने आत जातो, त्यामुळे कोण गेलं होतं हे नावानिशी कळतं.

पण सगळ्यात मोलाचं वाटलं ते क्लास बी प्रकरण. एकच मशीन चालू करता यावं म्हणून ऑपरेटरांना क्लास बी हा अधिकारांचा गट दिलेला होता. त्या क्लासमध्ये 'एक्सऑटोलॉग' ही मशीन चालू करायची कमांड पासवर्डशिवाय चालते हे खरं, पण सोबत 'अटॅच' आणि 'व्हॅरी'सुद्धा येतात, म्हणजे डिव्हाइसेसचा सगळा कारभार. तुम्ही तो काढायला लावलात आणि त्या मशीनच्याच डिरेक्टरी नोंदीत 'एक्सऑटोलॉग' स्टेटमेंट लिहून ऑपरेटरांचे आयडी घालायला सांगितलेत. त्यांचं काम सामान्य युजरच्या क्लास जी वर भागलं. ते थोडे रुसले, पण चालायचंच.

रॅकफ या सुरक्षा-सॉफ्टवेअरचा क्रमही तुम्हीच लावून दिलात: ऑटोलॉग१ ने फक्त रॅकफचं मशीन रॅकफव्हीएम उठवायचं, ते तयार झालं की त्याने ऑटोलॉग२ सुरू करायचं, आणि बाकी सगळी यादी तिथे.

परवा ऑडिटवाले आले होते. सर्व्हिस मशीन्सच्या पासवर्ड बदलाचं रजिस्टर मागत होते. पासवर्डच नाहीत म्हटलं तर विश्वास बसेना, शेवटी डिरेक्टरीतल्या नोंदीच पडद्यावर उघडून दाखवल्या. तुम्ही असतात तर गालातल्या गालात हसला असतात.

मनापासून आभार, मॅडम.

तुमचा,
एक फोन-विद्यार्थी