इंजिनावरचा नंबर घासू देऊ नका

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री यांस,

सादर नमस्कार.

आमच्या अंगणात आजोबांची 1930 सालची फोर्ड मॉडेल ए उभी आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी आपल्या मंत्रालयाने 2021 मध्ये 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली, तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले होते. आज ती नोंदणी एका अक्षरावर अडली आहे.

बॉनेट उघडलं की डाव्या बाजूला, पाण्याच्या पाइपाच्या वर, इंजिनाच्या ब्लॉकवर एक सपाट जागा आहे. तिथे रॉकेलचा बोळा फिरवून खडू चोळला की अक्षरं उठून दिसतात: आधी 'सीए', मग आकडे. 'सी' म्हणजे कॅनडातलं इंजिन. जुन्या आरसी बुकात मात्र कुणा कारकुनाने नुसतं 'ए' लिहून ठेवलंय. म्हणून नंबर जुळत नाही!

त्यात चासी नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराची, पेन्सिल छापही हवी. फोर्डची रीत अशी की इंजिनाचा नंबर हीच गाडीची ओळख; तोच नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर ठोकायचे आणि वर बॉडी बसवायचे. छाप घ्यायची तर बॉडी उचलायला हवी. नव्वद वर्षांत कुणी न हलवलेली बॉडी, गाडी अस्सल आहे हे दाखवण्यासाठी मी सोडवू? आजच्या गाड्यांवरच्या सतरा अक्षरी चासी नंबरांची पद्धत अमेरिकेतसुद्धा 1981 पासूनची. त्या सवयीच्या नजरेला ही गाडी संशयास्पद वाटते, यात अधिकाऱ्यांचा दोष मी मानत नाही. त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

पण एका एजंटाने मला सुचवलं, "ब्लॉक घासून घ्या, बुकाप्रमाणे नंबर पंच करून देतो." साहेब, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारखान्यात पडलेला तो ठसा एकदा घासला की गाडीचा डोळ्यांना दिसणारा साक्षीदार गेला, आणि चोरीच्या गाडीत नि आमच्या गाडीत फरक उरला नाही.

नियमानुसार राज्य समिती गाडी तपासतेच. त्या समितीच्या हाती कोणत्या कंपनीने कोणत्या साली नंबर कुठे ठोकला, याचा सचित्र तक्ता द्या. झाकलेल्या नंबरासाठी बारीक कॅमेऱ्याने काढलेला फोटो ग्राह्य धरा. आणि चूक कागदात असेल तर ती कागदातच दुरुस्त करण्याचा स्पष्ट आदेश काढा.

तपासणीची तारीख कळवा. रॉकेल आणि खडू मी घेऊन येतो.

आपला नम्र,
एक फोर्डमालक, सातारा